प्रमाणपत्रातील टक्के आणि कामाची जागा

(लघुउद्योजकांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



आपणासमोर दयेविषयी बोलण्याचा माझा विचार नाही. दया आपल्या समाजात उदंड आहे. सणावाराला अंधशाळेत मिष्टान्न पाठविणारे आपल्यात थोडे नाहीत. मात्र त्याच शाळेत शिकलेला तरुण अर्ज घेऊन दारी आला की आपली जीभ अडखळते. ‘येथे यंत्रे आहेत, जिने आहेत, तुम्हांला कसे झेपणार?’ असे अगदी काळजीच्या सुरात सांगून आपण त्याला परत पाठवितो!

त्याच्या हाती असते ते एक प्रमाणपत्र. १९९५ च्या कायद्यात विकलांगतेचे ७ प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने ते २१ केले आणि शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेल्या. या जागांसाठी विकलांगता किमान ४० टक्के असावी लागते.

मोजमाप नकोच, असे माझे म्हणणे नाही. खोट्या दाखल्यांनी खऱ्या गरजवंताचे पान पळविणारे महाभाग आहेत, तोवर ते काटेकोरच हवे. परंतु वैद्यकीय मंडळ मोजते ते शरीर. सांधा किती वळतो, दृष्टी कोठवर पोहोचते, हे त्यातून कळते. काम कळत नाही. पायाने सारखेच अधू असलेले दोघे घ्या. एक हिशेबनीस, दुसरा फिरता विक्रेता. टक्के तेच, पण पहिल्याला तळमजल्यावरचे टेबल पुरते आणि दुसऱ्याचे कामच नव्याने आखावे लागते.

म्हणूनच न्यायालयांनी या आकड्याला त्याची जागा दाखवून दिली. हाताला पेटके येत असल्याने लिहू न शकणाऱ्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. कारण काय, तर ४० टक्क्यांची अट! ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ही अट राखीव जागांपुरती आहे. वाजवी सोय मिळण्याचा हक्क तिच्यावर अवलंबून नाही. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली. केवळ टक्के अधिक म्हणून कोणाला अपात्र ठरविता येणार नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो की नाही, हे मंडळाने पाहिले पाहिजे.

सेवेत असताना विकलांगता आली, तर शासकीय आस्थापनेस त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. खाजगी कारखान्यांचे काय, असे आपण विचाराल. समान संधीचे धोरण जाहीर करणे त्यांनाही बंधनकारक आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर त्यात सोयींचा तपशील आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यावी लागते. आपल्यापैकी किती जणांच्या कपाटात असा कागद आहे?

खर्चाची धास्ती बहुधा अनाठायी असते. कर्णबधिराला सूचना लेखी द्यावयाच्या, यंत्राशेजारी बसावयास उंच स्टूल ठेवावयाचे, यास कितीसे लागते? अंधांना संगणकाचा पडदा वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली तर विनामूल्य मिळते. कायदाही अवाजवी भार टाकत नाही. वाजवी तेवढेच मागतो.

तेव्हा उद्या कार्यालयात गेल्यावर वास्तुविशारदास दूरध्वनी करण्यापूर्वी, आपल्याकडे आधीपासून काम करीत असलेल्या अपंग सहकाऱ्याला बोलवा. त्याला काय अडते, ते त्याच्याच तोंडून ऐका, आणि धोरणाचा कागद त्याच्यासमोर बसून लिहा.