संघ सुधारला, हे कशावरून?



शाळेत नवे गुरुजी आले, की वर्षभराने गावात एकच प्रश्न विचारला जातो, "निकाल किती लागला?" वाढला तर गुरुजी चांगले, नाही वाढला तर त्यांची बदली करा! हा हिशेब सोपा खरा, पण तो किती फसवा असतो, ते आज एका फुटबॉल-संघाच्या गोष्टीवरून सांगणार आहे.

गोष्ट आहे अमेरिकेतली. कॅन्सस हे तिथलं गव्हाचं राज्य. त्या राज्यात मॅनहॅटन नावाच्या लहानशा शहरात कॅन्सस स्टेट विद्यापीठ आहे. स्थापना १८६३ सालची. शेतीच्या शिक्षणाबद्दल त्याचा लौकिक मोठा. पण फुटबॉलच्या मैदानावर मात्र नाव अगदी उलट. आता तिकडचा फुटबॉल आपल्यासारखा नव्हे, बरं का. चेंडू लांबट, टोकांना निमुळता. तो हातांत धरून पळायचं, साथीदाराकडे फेकायचा, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला खाली पाडायचं. एका बाजूला अकरा गडी. हंगामात सामने अकरा-बारा.

१९८७ आणि १९८८ या दोन हंगामांत या संघाने एकही सामना जिंकला नाही. एक बरोबरीत सुटला, एकवीस हरले. अशा वेळी बिल स्नायडर नावाचे नवे प्रशिक्षक आले. १९८९ साली पहिला हंगाम झाला. निकाल काय? एक विजय, दहा पराभव!

आपल्या हिशेबाने हे प्रशिक्षक नापासच. पण पुढे बघा. १९९० साली पाच विजय, १९९१ साली सात. लोक म्हणाले, झाली सुधारणा. तोच १९९२ साली पुन्हा पाचावर घसरले. लोक म्हणाले असतील, संपलं सगळं. आणि १९९३ साली नऊ विजय! हंगामानंतर निवडक संघांचे मानाचे सामने होतात, त्यांतही संघ जिंकला. विद्यापीठाच्या इतिहासात असा विजय पहिलाच. म्हणजे एका वर्षाचा आकडा चढाचाही नसतो आणि उताराचाही नसतो. पाच वर्षं ओळीने मांडली, तेव्हा कुठे चढ दिसला.

स्नायडर यांनी संघापुढे सोळा उद्दिष्टं ठेवली होती. बांधिलकी, एकी, स्वयंशिस्त, चुका काढून टाकणं, रोज थोडं सुधारणं, अशी. त्यांत अमुक इतके सामने जिंका, असा आकडा नव्हता. आपल्या शाळेतही पाढे पाठ होण्याआधी मूल वेळेवर येऊ लागतं, वही नीट ठेवू लागतं. सुधारणेची पहिली खूण निकालपत्रावर उमटत नाही.

टीकाकारही होते, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्या गटाबाहेरचे सामने स्नायडर दुबळ्या संघांशी ठरवतात, मग विजय वाढणारच, असं ते म्हणत. कच्च्या मुलाला आधी सोपी गणितं द्यावीत, हे खरं. पण तेवढ्यावर त्याला हुशार म्हणायचं का? त्याचं उत्तर १९९८ साली मिळालं. शेजारच्या नेब्रास्का विद्यापीठाच्या बलाढ्य संघाला १९६८ नंतर यांनी एकदाही हरवलं नव्हतं. त्या वर्षी ४० विरुद्ध ३० गुणांनी हरवलं. अवघड गणित सुटलं!

पण खरी कसोटी अजून पुढेच होती. २००४ आणि २००५ हे दोन हंगाम वाईट गेले. स्नायडर निवृत्त झाले. नंतरच्या तीन हंगामांत संघ जेमतेमच राहिला, आणि २००९ साली, सत्तरीला टेकलेल्या त्याच माणसाला परत बोलवावं लागलं. त्यांनी गाडी पुन्हा रुळावर आणली. २०१२ साली अकरा विजय मिळाले. मला विचाराल, तर त्या बोलावण्यात स्नायडर यांचा गौरव होता, तसंच संघाचं वैगुण्यही होतं. एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली सुधारणा अर्धीच.

२०१८ सालच्या हंगामानंतर ते कायमचे निवृत्त झाले. नवे प्रशिक्षक आले, आणि २०२२ साली त्यांच्या हाताखाली संघाने गटाचं विजेतेपद मिळवलं. इथे मात्र, सुधारणा मुरली, असं म्हणायला हरकत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, कॉलेजच्या संघातले खेळाडू चार-पाच वर्षांत शिकून निघून जातात. तुमचा वर्गही दर जूनला नवा असतो. म्हणून कुणी निकाल विचारला, तर जरूर सांगा. पण त्याबरोबर हेही सांगा, की किती वर्षांचा निकाल? सोप्या पेपराचा की अवघड? आणि गावकऱ्यांनो, गुरुजी बदलून गेले, तरी शाळेची घंटा वेळेवर वाजते का, मुलं आपण होऊन पुस्तक उघडतात का, ते एकदा पाहून या. गुरुजींचा खरा निकाल तिथे लागतो.