चाळीस दिवसांचं वाणसामान आणि तीनशे लिटर पाणी

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो. आज गोष्ट आहे समुद्रावरची. घाबरू नका, विषय आपलाच आहे: चूल, पाणी आणि डबे.

आमचा गट वेंगुर्ला तालुक्यातला. कुळथाची पिठी, मेतकूट, सोलं, आगळ, सुक्या खोबऱ्याचे लाडू असं आम्ही करतो. गेल्या दिवाळीनंतर पणजीहून एका ताईंचा फोन आला. मूळच्या पुण्याच्या. त्या आणि त्यांचे यजमान शिडाच्या होडीवर राहतात. राहतात म्हणजे तेच त्यांचं घर. कोचीवरून अंदमानला जायचं होतं, तिकडच्या लांबच्या बेटांवर दुकानं थोडी, म्हणून दोन माणसांना चाळीस दिवस पुरेल असं कोरडं सामान हवं होतं. गटाची ही सर्वांत मोठी ऑर्डर, म्हणून आम्ही तिघी एसटीने स्वतःच सामान घेऊन गेलो.

मांडवीत होडी नांगरलेली होती. छोट्या रबरी होडीतून आम्हाला नेलं, आधी लाइफ जॅकेट घालायला लावलं. वर चढतो तर यजमान बादलीत भांडी घासत बसलेले. आमच्यातली सर्वांत मोठी काकी माझ्या कानात म्हणाली, "गो, हेंची बायल आजारी आसा की काय?" बाई ठणठणीत होत्या, यादी करत होत्या.

पहिला अपमान आमच्या खोक्यांचा झाला. आम्ही हौसेने छापील पुठ्ठ्याची खोकी केली होती, वर रंगीत लेबलं. ताईंनी एकही खोकं होडीवर घेतलं नाही. पुठ्ठ्याच्या पन्हळीत झुरळांची अंडी असतात, आणि होडीत एकदा झुरळ शिरलं की जायचं नाव घेत नाही. लेबलंही काढली. होडीच्या पोटात तळाला पाणी साचतं, ते पंपाने बाहेर काढावं लागतं, आणि ओला कागद सुटून पंपात अडकला तर ऐन वादळात पाणी उपसायचं कसं? सगळं बरण्यांत ओतून त्यांनी मार्करने नाव आणि तारीख लिहिली. एका लेबलला आम्हाला चार रुपये पडले होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग भाजी भरली. कोबी अख्खा ठेवायचा, कापायचा नाही, लागेल तशी वरची पानं सोलून घ्यायची. टोमॅटो हिरवे घ्यायचे आणि एकेक वर्तमानपत्रात गुंडाळायचा. कांदे जाळीत टांगायचे, बटाटे त्यांच्यापासून लांब, नाहीतर लवकर कोंब येतात. अंडी न धुतलेली, कधी फ्रिजमध्ये न गेलेली हवीत. त्यांना व्हॅसलीन चोळून ठेवायची आणि दर दोन दिवसांनी उलटायची, मग ती कित्येक आठवडे टिकतात. हिरवी भाजी संपली की मूग, मटकी भिजवून मोड आणायचे. यात आम्हाला कुणी नवीन काय शिकवायचं, पण मोड धुतलेलं पाणी भातात घालायचं, हे मात्र आमच्या घरात होत नव्हतं.

आता पाण्याचं सांगते, कारण आम्ही खरं तर तिथेच अडकलो. होडीच्या टाकीत तीनशे लिटर गोडं पाणी. चाळीस दिवस, दोन माणसं. भागाकार करा: माणशी दिवसाला चार लिटरसुद्धा नाही. जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटरचं आहे. काकी म्हणाली, "ह्या पाण्यात आमची एक आंघोळ पण होवची नाय." तर आंघोळ समुद्राच्या पाण्याने, आणि शेवटी अंगावर तांब्याभर गोडं. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची, मग फवारणीच्या बाटलीने गोडं पाणी मारायचं. खोल समुद्रात असताना भाताला एक वाटी खारं आणि तीन वाट्या गोडं, म्हणजे मीठही वाचतं. बंदरातलं पाणी मात्र कधीच वापरायचं नाही, ते घाण असतं. कपडे खाऱ्या पाण्यात धुतले तरी शेवटी गोड्यातून काढावेच लागतात, कारण मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि कपडा वाळतच नाही.

हे ऐकून कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. त्यांची काटकसर हौसेची आहे. कंटाळा आला तर त्या बंदराला लागतील. एप्रिलमध्ये आमच्या वाडीतल्या विहिरी तळाला जातात तेव्हा आम्हाला कुठलं बंदर? हे मी ताईंना तोंडावर बोलले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं आहे. पण इथे पाणी मोजलेलं असतं, म्हणून ते कुणी सांडलं हे दोघांनाही कळतं."

चूल तर बघण्यासारखी. ती झोक्यासारखी टांगलेली असते, होडी कलली तरी पातेलं सरळ राहतं. स्वयंपाक करणारा कमरेला पट्टा बांधून उभा राहतो. बहुतेक सगळं प्रेशर कुकरमध्ये, कारण झाकण बंद असलं की सांडत नाही आणि गॅसही कमी लागतो. आमची पिठी त्यांना आवडली ती यासाठीच, दहा मिनिटांत होते. गॅसचं सिलिंडर आत ठेवतच नाहीत, बाहेरच्या कप्प्यात ठेवतात. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, खाली साचतो. होडीच्या तळात साचला आणि ठिणगी पडली तर संपलंच. म्हणून दर स्वयंपाकानंतर सिलिंडरवरूनच बंद. आपल्या घरातही गॅस असाच जमिनीलगत पसरतो. वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करायचं नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. आमच्यातल्या दोघींना रेग्युलेटर रात्री बंद करायची सवयच नव्हती.

भिंतीवर पाळ्यांचा कागद होता. रात्री एकाने सुकाणू आणि समुद्र सांभाळायचा, दुसऱ्याने झोपायचं. स्वयंपाकही दिवसाआड. याच पणजीहून २०१७ च्या सप्टेंबरमध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेने निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २१ मे २०१८ ला परत आल्या. कप्तान लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी. नौका गोव्यातच बांधलेली. नंतर २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिच्यावरून फेरी मारून आल्या. दोघीच! म्हणजे शीड, सुकाणू, दुरुस्ती, स्वयंपाक, सगळं दोघींच्याच अंगावर.

परत आल्यावर आम्ही एक केलं. नऊ घरांत आठवडाभर हंडे मोजले, दारामागे खडूने रेघा मारून. पाणी कुणी आणलं त्याच्या नावाचं अक्षर रेघेखाली. आठवड्याच्या शेवटी आठ घरांत एकच अक्षर होतं, बाईचं किंवा मुलीचं. नवव्या घरात दहावीतल्या मुलाचं अक्षर सहा वेळा आलं, कारण बहिणीची परीक्षा होती. एका घरातल्या भावोजींनी दारामागच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. तिने दुसऱ्या दिवशी परत मारल्या. त्यापुढचं ती सभेत सांगणार आहे, मी तिचं आधीच सांगत नाही.

जानेवारीत ताईंचा अंदमानहून निरोप आला. पिठी सगळ्यात आधी संपली, सोलं उत्तम राहिली. लाडू मात्र तीन आठवड्यांत खवट झाले. चूक आमची, खोबरं नीट वाळलं नव्हतं, घाई केली. लाडवांचे पैसे आम्ही परत पाठवले. पुढची ऑर्डर मार्चमध्ये आहे: पिठी आठ किलो, मेतकूट दोन किलो, सोलं तीन किलो. लाडू नाहीत. ज्या गटाकडे घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बरण्या स्वस्तात मिळत असतील, त्यांनी केंद्रावर निरोप ठेवावा. लेबलं आमच्याकडे तीनशे उरली आहेत, कुणाला हवी असतील तर तीही घेऊन जा.