मालकाचा शब्द म्हणजे कायदा नव्हे
(शेतकरी व कारागीर यांच्या सभेंत केलेलें भाषण)



मालकानें "उद्यांपासून रानांत पाऊल टाकूं नको" असें दरडावलें कीं आपला कुणबी औत सोडून मुकाट्यानें घरीं येतो. मालक बोलेल तोच कायदा, ही समजूत बापजाद्यांपासून आपल्या मनांत मुरली आहे. ती मोडावी एवढ्यासाठींच मी उभा आहें.

आपल्या पश्चिम महाराष्ट्रांत कुळांचा कायदा १९४८ चा आहे. मराठवाड्याचा १९५० चा व विदर्भाचा १९५८ चा, हे निराळे. हा कायदा कोणाच्या मेहेरबानीनें आला नाहीं. कुलाबा जिल्ह्यांत चरी व आसपासच्या गांवच्या कुळांनीं १९३३ पासून सहा वर्षें खोतांच्या जमिनी कसल्या नाहींत. उपास काढले, पण वांकले नाहींत. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं खोती मोडण्याचें बिल कायदेमंडळांत आणलें. पुढें १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं बहुतेक कुळें मालक मानलीं गेलीं. पण विधवा, अज्ञान मुलें, फौजेंतील शिपाई यांच्या जमिनींपुरता तो हक्क लांबणीवर पडला, आणि तेथेंच कज्जे उरले.

आतां कूळ काढायचें तर मालकाला काय करावें लागतें, तें ऐका.

पहिलें, कारण पाहिजे. मर्जी फिरली हें कारण नव्हे. खंड ३१ मेपर्यंत न देणें, जमिनीची कायमची नासाडी करणें, पोटकूळ घालणें, स्वतः न कसणें, शेतीखेरीज दुसऱ्या कामाला जमीन लावणें, हीं कारणें.

दुसरें, तें कारण लिहून तीन महिन्यांची नोटीस पाहिजे. त्या मुदतींत चूक दुरुस्त केली तर मालकाचा हात थांबला.

तिसरें, तहसीलदाराचा, म्हणजे आपल्या मामलेदाराचा, हुकूम पाहिजे. नुसत्या नोटिशीनें ताबा जात नाहीं. हुकुमावांचून जो ताबा घेईल, त्याचें उभें पीक जप्त होऊं शकतें, वर खर्चही अंगावर पडतो. दांडगाईनें काढलें तर दोन वर्षांच्या आंत मामलेदाराकडे अर्ज करा. निकाल विरुद्ध गेला तर साठ दिवसांत कलेक्टरकडे अपील आहे.

खंड थकला म्हणून धीर सोडूं नका. बाकी व खर्च पंधरा दिवसांत भरा, असें मामलेदार सांगतो. भरलें कीं कुळवहिवाट टिकते. मात्र तीन वर्षें खंड चुकला, आणि मालकानें दर वेळीं तीन महिन्यांत तसें कळविलें असेल, तर ही सवलत नाहीं. म्हणून खंड द्या आणि लेखी पावती घ्या. पावती देणें मालकावर बंधनकारक आहे. तोंडी व्यवहाराला कचेरींत कोण विचारतो?

सर्वांत मोठा धोका राजीनाम्याचा. मुलीचें लग्न, घरांतलें दुखणें, अशा अडचणींत दोन पैसे देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेतात आणि कुळानें राजीखुशीनें जमीन सोडली म्हणतात. कायदा सांगतो कीं राजीनामा लेखी पाहिजे, आणि मामलेदारानें त्याची खातरजमा केली पाहिजे. त्या वेळीं मालक शेजारीं उभा असतो. त्याची भीड धरून "होय" म्हणालांत, तर पिढ्यांची जमीन एका शब्दानें गेली!

सुतार, लोहार, कुंभार बंधूंनो, तुमचीही गोष्ट यांत आहे. गांवांत मालकाच्या जागेवर तुम्हीं किंवा तुमच्या वडिलांनीं पदरच्या पैशानें घर बांधलें असेल, तर त्यांतून तुम्हांला काढतां येत नाहीं. घर तुमच्या खर्चाचें नाहीं, हें मालकानें शाबीत केलें पाहिजे, आणि तरीही जागेचें भाडें तीनदां चुकलेलें असलें पाहिजे. जागा विकायची झाली तर पहिला हक्क तुमचा.

शेवटीं एवढेंच मागणें. दरसाल सातबाराचा उतारा काढा आणि आपलें नांव जाग्यावर आहे कीं नाहीं तें पाहा. घरांतल्या एका तरी लेकराला, मुलगी असो वा मुलगा, कचेरीचा कागद वाचतां येईल इतकें शिकवा. ज्याला कागद वाचतां येतो, त्याचा अंगठा कोणी फसवून घेऊं शकत नाहीं.