आजीचं इन्सुलिन आणि खळखळणारा बर्फ

इयरफोन लावलेत ना? आजचा विषय शाळेतला आहे: स्थायू, द्रव आणि वायू. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. या तीन शब्दांमुळे आमच्या घरात एकदा चांगलीच धावपळ झाली होती. तिथूनच सुरुवात करतो.

मी सेकंड इयरला होतो. एप्रिल महिना, कोथरूडमधलं आमचं घर. आई-बाबा लग्नाला कोल्हापूरला गेलेले, घरी मी आणि आजी. आजीला बऱ्याच वर्षांचा डायबेटिस, दिवसातून दोनदा इन्सुलिन. जाताना आईनं बजावलं होतं, "इन्सुलिन फ्रीजमध्येच ठेव हं." त्या दिवशी लाईट सारखी ये-जा करत होती. मी विचार केला, फ्रीजपेक्षा फ्रीझर जास्त गार, म्हणजे बाटली तिथं जास्त सुरक्षित. ठेवली आणि झोपलो.

सकाळी बघतो तर बाटलीत बर्फ! ओट्यावर ठेवून वितळू दिलं, तळहातात फिरवलं, आत थोडे कण दिसले तिकडे दुर्लक्ष केलं आणि आजीला दिलं. गोठलं होतं, वितळलं, विषय संपला, असं मला वाटलं.

दोन दिवसांत आजी सारखं पाणी मागायला लागली. पडून राहायची, बोलायचा कंटाळा करायची. ग्लुकोमीटरवर आकडा साडेतीनशेच्या वर. रिक्षा करून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाटली गोठली होती का?" माझा चेहरा बघूनच त्यांना उत्तर मिळालं. नवीन बाटली आणली, आजी सावरली. मी मात्र कितीतरी दिवस तिच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

माझं चुकलं कुठं? पाणी गोठून वितळलं की पुन्हा तेच पाणी होतं. पण त्या पाण्यात जे आहे, त्याचं तसं नसतं. लहानपणी पेप्सीकोला खाल्लाय ना? जोरात चोखला की रंग आणि गोडवा आधी निघून येतो, हातात पांढरा फिका बर्फ उरतो. कारण गोठताना पाण्याचे रेणू आपापल्या जागा धरून रांगेत बसतात आणि बाकीच्या गोष्टींना बाहेर ढकलतात. इन्सुलिन हे प्रोटीन. बर्फ वाढतो तसं ते उरलेल्या थोड्याशा द्रवात दाटीवाटीनं कोंबलं जातं, त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात. मग बर्फ वितळला तरी ते सुटे होत नाहीत. बाटली तीच दिसते, पण औषधाचा भरवसा राहत नाही.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. ती नर्स होती, आयुष्यभर वस्त्यांमध्ये बाळांना लसी दिल्या तिनं. ती म्हणाली, "अरे, आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवायचे, आईसपॅक कानाजवळ धरून हलवायचा."

कानाजवळ कशाला? तर लसी न्यायच्या डब्यात चारी बाजूंनी आईसपॅक ठेवतात आणि मधे लसी. फ्रीझरमधून नुकताच काढलेला पॅक शून्याच्या बराच खाली असतो, उणे १५-२० अंशांपर्यंत. तो तसाच ठेवला तर शेजारची लसच गोठेल. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसींमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. म्हणून पॅक आधी बाहेर काढून ठेवायचे. त्यांना घाम फुटतो. हलवल्यावर आत पाणी खळखळलं की ते डब्यात भरायचे.

त्या खळखळाटात खरं विज्ञान आहे. पॅकमध्ये बर्फ आणि पाणी दोन्ही आहेत, याचा अर्थ तापमान शून्य अंशावर आलंय. आणि सगळा बर्फ वितळेपर्यंत ते तिथंच थांबणार! बाहेर ऊन कितीही असू दे, आत शिरणारी उष्णता तापमान वाढवण्यात जात नाही, रेणूंची रांग मोडण्यात खर्च होते. दहावीला आपण पाठ केलेला 'अप्रकट उष्मा' तो हाच. १ ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत १ ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. मी तो आकडा मार्कांसाठी पाठ केला होता. आत्या त्याच्याच जोरावर उन्हातून लसी नेत होती.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे गोठवणं वाईटच? तसंही नाही. आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये गोवराची लस मुद्दाम गोठवतात. १९६६ साली सुरू झालेली ही कंपनी. कोविशिल्डमुळे २०२१ मध्ये तिचं नाव घराघरांत पोचलं. कोविशिल्ड द्रवरूप, २ ते ८ अंशांत ठेवायची. गोवराच्या लसीतला जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू पाण्यात फार टिकत नाही, म्हणून त्यातलं पाणीच काढून टाकतात. जपणारे पदार्थ मिसळून लस गोठवायची आणि भोवतालची हवा खेचून घ्यायची. इतक्या कमी दाबाला बर्फाचं पाणी होतच नाही, थेट वाफ होते. याला संप्लवन म्हणतात. कपाटातली डांबरगोळी ओली न होता झिजत जाते, तसंच. मागं उरते कोरडी भुकटी. टोचायच्या आधी त्यात ठरलेला द्रव मिसळतात.

म्हणजे 'जितकं गार तितकं चांगलं' हा नियमच नाही. कुठल्या वस्तूनं कुठल्या अवस्थेत राहायचं, हे आधी ठरवायचं आणि मग तापमान.

शेवटी डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते सांगतो. मी विचारलं, "पुन्हा लाईट गेली तर काय करू?" ते म्हणाले, "घरात माठ आहे ना?" माठातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठाचीच उष्णता घेऊन जातं. ही उष्णता बर्फ वितळण्याला लागते त्याच्या सहापटीहून जास्त! एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी, त्यामुळे माठ झकास काम करतो. पावसाळ्यात दमट हवेत तेवढा नाही. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून छोट्या मडक्यात ठेवायची आणि ते मडकं पाणी असलेल्या पसरट मातीच्या भांड्यात. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं. तुमच्या घरच्या बाटलीचं नेमकं काय, ते मात्र डॉक्टरांना विचारा.

एपिसोड संपला की एक काम करा. घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर फ्रीज उघडा. बाटली मागच्या भिंतीला किंवा फ्रीझरला चिकटून असेल तर पुढं सरकवा. आणि कधी गोठलेली सापडली तर वितळवत बसू नका, सरळ बाजूला काढा आणि नवीन आणा.

आजी आता नाही. पण माठ अजून ओट्याच्या कोपऱ्यात आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!