शील हेंच पुढारीपणाचें भांडवल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजचा दिवस पन्नास वर्षांचा हिशेब मांडण्याचा आहे. देवळाच्या भिंती कोणीं उभारल्या, घंटा कोणाच्या देणगींतून आली, शाळेचें छप्पर कोणाच्या वर्गणीनें चढलें, हें सर्व आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं सांगितलेंच आहे. त्यांच्या श्रमांचें चीज झालें, ह्यांत संशय नाहीं. परंतु ज्या वहींत विटा, चुना आणि कौलें मांडलीं जातात, त्या वहींत एक रक्कम कधींच मांडली जात नाहीं. ती रक्कम म्हणजे माणसाचें शील. आम्हांस बोलण्यासाठीं विषय दिला आहे तो हाच : पुढाऱ्यांच्या अंगीं आणि आपल्या रोजच्या व्यवहारांत शीलाचें महत्त्व काय? आम्ही कांहीं पंडित नव्हे. जें वाचलें आणि जें भोगलें, तेवढेंच आपणांपुढें ठेवितों.

प्रथम शील म्हणजे काय, हें पाहूं. शील आणि कीर्ति ह्या दोहोंची आपण नेहमीं गल्लत करितों. कीर्ति लोकांच्या तोंडीं असते, शील आपल्यापाशीं असतें. कीर्ति विकत घेतां येते, उसनी आणितां येते, आणि एका रात्रींत गमावतांही येते. इंग्रजींत शीलाला जो शब्द आहे, तो मूळचा ग्रीक आहे. नाण्यावर उमटविलेला ठसा, किंवा तो ठसा उमटविण्याचें हत्यार, असा त्याचा जुना अर्थ. दृष्टांत चांगला आहे. फरक इतकाच कीं नाण्यावरील ठसा एका घावासरशीं उमटतो, माणसावरील ठसा मात्र रोजच्या लहान लहान घावांनीं उमटत जातो. कसोटीचा प्रसंग आला म्हणजे आपण शील घडवावयास बसत नाहीं. तोंवर जें घडलें असेल, तेंच त्या वेळीं बाहेर येतें.

ह्याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासांत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्याच्या शनिवारवाड्यांत अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव ह्यांचा गारद्यांनीं खून केला. त्यांच्या मागून त्यांचे चुलते रघुनाथराव अधिकारावर आले. कुजबूज सर्वत्र होती. परंतु ज्याच्या हातीं राज्य, त्याच्याकडे बोट दाखविणार कोण? न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनीं मुकाट्यानें चौकशी चालविली. पुरावा हातीं येईपर्यंत ते बोलले नाहींत. आणि पुरावा आल्यावर गप्प बसले नाहींत. ह्या पापाला देहान्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असें त्यांनीं रघुनाथरावांस तोंडावर सांगितलें, आणि पुणें सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. पुढें रघुनाथरावांची सत्ता गेली व बारभाईंचा कारभार सुरू झाला, तेव्हां त्यांना पुन्हां मानानें न्यायासनावर आणण्यांत आलें.

ही कथा आपण शाळेंत ऐकली आहे, आणि ऐकून टाळ्याही वाजविल्या आहेत. परंतु ह्या प्रसंगाच्या मागें काय होतें, तें आपण विचारीत नाहीं. १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासांत ग्रँट डफनें रामशास्त्र्यांविषयीं दोन गोष्टी नमूद केल्या आहेत. पहिली अशी कीं, दिवसाच्या गरजेहून अधिक कांहीं घरांत ठेवावयाचें नाहीं, असा त्यांचा नेम होता. दुसरी अशी कीं, थोरले माधवराव पेशवे जपजाप्यांत गढून राज्यकारभाराकडे दुर्लक्ष करूं लागले, तेव्हां ह्याच शास्त्र्यांनीं त्यांनाही त्यांच्या कर्तव्याची स्पष्ट जाणीव करून दिली होती. आतां ह्या दोन गोष्टी त्या १७७३ च्या प्रसंगाशेजारीं ठेवून पाहा. ज्याच्या घरांत उद्याचा शिधा नाहीं, त्याच्यापासून राजा काढून घेणार काय? आणि ज्यानें भल्या धन्यालाही खरें सांगण्याची सवय ठेविली, त्याची जीभ दुसऱ्या धन्यापुढें अडखळणार कशी? रघुनाथरावांपुढें उभे राहण्याचें धैर्य त्यांना त्या दिवशीं आकाशांतून मिळालें नाहीं. तें रोजच्या साध्या भाकरीबरोबर आणि रोजच्या खऱ्या बोलण्याबरोबर घरांतच सांठत आलें होतें.

दुसरें उदाहरण इंग्लंडांतलें आहे. सर टॉमस मोअर १५२९ सालीं त्या राज्याचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. राजाच्या इच्छेपेक्षां सदसद्विवेकबुद्धि मोठी मानून १५३२ सालीं त्यांनीं तें पद सोडलें, आणि ६ जुलै १५३५ रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांना संतपद दिलें. २००० सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्यांना राज्यकर्त्या पुढाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलें. हें आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गांत सांगितलें जातें. आम्ही आज त्यांच्या मरणाविषयीं न बोलतां एका हातमोज्यांविषयीं बोलणार आहों. त्यांचे जांवई विल्यम रोपर ह्यांनीं लिहिलेल्या चरित्रांत ही हकीकत आहे. एका बाईचा दावा मोअर ह्यांनीं तिच्या बाजूनें निकालांत काढला होता. नववर्षाच्या भेटीच्या निमित्तानें तिनें त्यांस हातमोज्यांचा जोड आणून दिला आणि त्या मोज्यांत चाळीस पौंडांचीं सोन्याचीं नाणीं घातलीं होतीं. मोअर ह्यांनीं मोजे ठेवून घेतले, कारण बाईमाणसानें दिलेली नववर्षाची भेट नाकारणें सभ्यपणाचें नव्हे. नाणीं मात्र त्यांनीं परत केलीं. दावा तर संपला होता; निकाल न्यायानेंच झाला होता; ठेवून घेतलीं असतीं तर कोणास कळलें असतें? बंधुभगिनींनो, ज्या मानेवर पुढें कुऱ्हाड पडली, ती मान असल्या लहान प्रसंगींच ताठ राहावयास शिकली होती.

तिसरें उदाहरण आम्हांस सर्वांत जवळचें वाटतें, कारण त्यांत चूक आहे. १८९७ सालीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेस गेले होते. त्यांचें वय तेव्हां अवघें तीस-एकतीस वर्षांचें. इकडे पुण्यांत प्लेगनें कहर केला होता आणि घरांच्या झडत्यांचें काम गोऱ्या शिपायांकडे दिलें होतें. त्या झडत्यांत लोकांना किती उपद्रव झाला, हें सर्वश्रुत आहे. पुण्याच्या मित्रांकडून गोखल्यांना पत्रें गेलीं. त्यांत शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचा भयंकर आरोप होता. गोखल्यांनीं विश्वासानें तो तेथील वर्तमानपत्रांतून जाहीर केला. सरकारनें पुरावा मागितला. ते मुंबईस परत आले, शोध केला, परंतु पुढें येऊन साक्ष देण्यास कोणी तयार होईना.

आतां त्यांच्यापुढें वाटा किती होत्या, हें पाहा. आपणांस अमक्यानें लिहिलें, असें सांगून मोकळें होतां आलें असतें. गप्प बसतां आलें असतें. लोकांचा क्षोभ इतका होता कीं, आरोप तसाच रेटून धरला असता तर जयजयकारही झाला असता. गोखल्यांनीं ऑगस्ट १८९७ मध्यें जाहीर पत्र लिहून आरोप बिनशर्त मागें घेतला, गव्हर्नराची व शिपायांची क्षमा मागितली, आणि ज्यांनीं पत्रें लिहिलीं होतीं त्यांचीं नांवें सांगितलीं नाहींत. सगळें ओझें एकट्याच्या डोक्यावर घेतलें. स्वकीयांनीं त्यांना भित्रा म्हटलें, विरोधकांनीं खोटारडा म्हटलें. त्यांचें सार्वजनिक जीवन संपलें, असें त्या वेळीं पुष्कळांस वाटलें. परंतु तसें झालें नाहीं. १९०५ सालीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षीं ते काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पडताळा न घेतां बोलले, ही त्यांची चूक होती. परंतु जितक्या उघडपणें चूक झाली, तितक्याच उघडपणें त्यांनीं ती पत्करली. पुढारी चुकत नाहीं असें कोण म्हणेल? चुकल्यावर तो कोणाच्या आड लपतो, ह्यावरून त्याची पारख होते.

हें उदाहरण सर्वांत जवळचें वाटतें असें आम्ही म्हटलें, त्याचें कारण सांगितल्याशिवाय खालीं बसलों तर हें भाषण खोटें ठरेल.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही एका लहानशा बचत फंडाचे हिशेबतपासनीस होतों. फंडाचे चिटणीस आमचे स्नेही, घराण्यानें प्रतिष्ठित, बोलावयास गोड. वार्षिक सभेच्या आदल्या रात्रीं ते वह्या घेऊन आमच्याकडे आले. जेवणें झालीं होतीं, दिवा मंद होता. ते म्हणाले, "सगळें ठीकच आहे, आज सही करा, वह्या सवडीनें पाहा." आम्हीं सही केली. न पाहतां केली. स्नेह्यावर अविश्वास दाखविणें आम्हांस असभ्यपणाचें वाटलें; खरें म्हणजे उठून चष्मा शोधण्याचाही आळस होता. दोन वर्षांनीं फंड बुडाला. लोकांचे निम्म्याहून अधिक पैसे गेले.

त्यांत एक बाई होती. पहांटे भाजीची पाटी डोक्यावर घेऊन गाडीनें मुंबईस जावयाची आणि आण्या-आण्यानें सांठवावयाची. ती आमच्या दारीं आली. आम्हीं तिला चिटणीसांचे दुर्गुण सांगितले. ती शांतपणें ऐकून घेऊन म्हणाली, "त्यांना मी कुठें ओळखत होतें, बाबा? खालीं तुमची सही होती, म्हणून मीं पैसे ठेविले."

त्या वेळीं आम्ही कांहीं बोललों नाहीं. पुढें सभा झाली, तीतही बोललों नाहीं. चिटणीसांस सर्वांनीं दोष दिला, आणि त्या सर्वांत आमचाही आवाज होता. गोखल्यांचें तें पत्र आम्हीं त्यानंतर कधीं तरी वाचलें, आणि वाचतांना मान खालीं गेली. पैसे चिटणीसांनीं नेले असतील. विश्वास आम्हीं बुडविला. ती बाई आज ह्या जगांत नाहीं. तिच्या घरचीं माणसें ह्या सभेंत बसलीं आहेत. त्यांच्यासमोर आणि आपणां सर्वांसमोर आम्ही आज तेवढें कबूल करितों. हें फार उशिरा आहे, हें आम्ही जाणतों.

म्हणून, बंधुभगिनींनो, शील हा केवळ पुढाऱ्यांना उपदेश करण्याचा विषय आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. पुढारी कांहीं परदेशांतून आणावे लागत नाहींत. ते आपल्याच ओट्यावर वाढतात. बापानें दारावर आलेल्या माणसाला "घरीं नाहीं म्हणून सांग" असें मुलाकरवीं कळविलें, कीं त्या मुलाचा पहिला धडा झाला. टोपलींत वरतीं चांगलीं केळीं आणि खालीं डागी केळीं भरलेलीं पाहिलीं, कीं दुसरा झाला. निवडणुकीच्या आदल्या रात्रीं घरांत पाकीट आलेलें आणि तें चुपचाप ठेवून घेतलेलें पाहिलें, कीं शिक्षण पुरें झालें. मग तोच मुलगा मोठा होऊन पंचायतींत बसला व पाकीट घेऊं लागला, तर आपण कपाळाला हात लावतों! जसा ठसा, तसें नाणें.

आणि ह्याच्या उलटही खरें आहे. १९१८ सालीं आपल्या वसईच्या लोकांनीं पापडी येथें कॅथोलिक सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढें मोठी बँक झाली. त्या काळीं लोकांपाशीं पैसा थोडा होता. असल्या संस्था उभ्या राहतात त्या केवळ पैशावर नव्हेत. घेतलेलें कर्ज फेडलें पाहिजे आणि ठेवलेली ठेव परत मिळेल, ह्या दोन समजुतींवर उभ्या राहतात. शेजाऱ्याचा शब्द हेंच तेथें तारण असतें.

वरील तीन पुरुषांपासून तीन लहान नेम घेतां येतील. रामशास्त्र्यांपासून हा कीं, आपल्या गरजा इतक्या वाढवूं नयेत कीं त्यांच्यापायीं तोंड बंद ठेवावें लागेल. मोअर ह्यांच्यापासून हा कीं, मोजा ठेवावा आणि नाणें परत करावें, म्हणजे स्नेह आणि मिंधेपणा ह्यांतील सीमा ओळखावी. गोखल्यांपासून हा कीं, जेथें चूक केली तेथेंच ती कबूल करावी, आणि दुसऱ्याचें नांव पुढें करूं नये. ह्यांत आमचा एक नेम आम्ही जोडतों, तो आम्हांस महागांत पडला आहे : वाचल्याशिवाय सही करूं नये, मग वही सख्ख्या भावाची असो.

आणखी पन्नास वर्षांनीं ह्याच अंगणांत शतमहोत्सवाची सभा भरेल. आपणांपैकीं पुष्कळ जण तेव्हां पलीकडच्या दफनभूमींत असतील. भिंतींना तोंवर नवा रंग लागेल, घंटाही कदाचित् बदलेल. त्या वेळीं जे उभे राहून बोलतील, त्यांना आपल्या वह्या उघडून पाहतां याव्यात, आणि त्यांत एकही पान चिकटविलेलें सांपडूं नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.