हर्ट्झचा आकडा आणि हाताचा उशीर



‘डूम’ आणि ‘क्वेक’ या खेळांमागचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी २०१२ साली ट्विटरवर एक तक्रार केली. इंटरनेटवरून युरोपला एक पॅकेट पोचतं त्यापेक्षा समोरच्या पडद्यावर एक ठिपका उमटायला जास्त वेळ लागतो, असा तिचा आशय होता. अनेकांना ती अतिशयोक्ती वाटली. पण कारमॅक यांनी डोक्यावर चढवायचा एक डिस्प्ले वेगवान कॅमेऱ्याने तपासला होता. सिग्नल पडद्याकडे पोचत होता वेळेवर, पण आतली यंत्रणा प्रत्येक टप्प्यावर अख्खं चित्र साठवून मगच ते पुढे सोडत होती.

बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा हा काळ म्हणजे इनपुट लॅग. गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर मात्र दोनच आकडे ठळक असतात. एक हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती वेळा नवं चित्र काढलं जातं त्याचा. दुसरा ‘१ मिलिसेकंद’. हा पिक्सेलला एका करड्या छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ, आणि तोही बहुधा सर्वांत सोयीच्या सेटिंगवर मोजलेला. एकूण लॅग या दोन्हींत कुठेच लिहिलेला नसतो.

हर्ट्झ वाढले की फायदा होतो, यात वाद नाही. ६० हर्ट्झवर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद लागतात, १४४ वर ६.९, २४० वर ४.२ आणि ३६० वर २.८. चित्र वरून खाली ओळीओळीने उमटतं, त्यामुळे ६० हर्ट्झवर तळाची ओळ माथ्याच्या ओळीपेक्षा सुमारे १६ मिलिसेकंद मागे असते. पण याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. ६० वरून १४४ वर गेलं की जवळपास १० मिलिसेकंद वाचतात. २४० वरून ३६० वर गेलं की दीडसुद्धा वाचत नाही.

बाकीचा बराच उशीर पडद्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. साधा माऊस संगणकाला सेकंदाला १२५ वेळा खबर देतो, म्हणजे ८ मिलिसेकंद तिथेच जाऊ शकतात. गेमिंग माऊस १,००० वेळा देतो. मग खेळाचं इंजिन हिशेब करतं. ग्राफिक्स कार्डावर ताण असेल तर प्रोसेसरने पाठवलेली कामं रांगेत पडून राहतात. ही रांग छाटण्यासाठी एनव्हिडियाने २०२० साली ‘रिफ्लेक्स’ आणलं.

व्ही-सिंकची गंमत वेगळी. चित्र मधोमध फाटू नये म्हणून ही सोय कार्डाला पडद्याच्या ठोक्यावर थांबवते. चित्र तयार व्हायला जरा उशीर झाला, की एसटी चुकलेल्या प्रवाशासारखं पुढच्या फेरीपर्यंत ताटकळणं आलं. यावर तोडगा म्हणून २०१३ साली जी-सिंक जाहीर झालं आणि पाठोपाठ एएमडीचं फ्रीसिंक आलं. यात पडदाच कार्डाच्या तालावर चालतो.

जुन्या काचेच्या टीव्हीत अख्खं चित्र साठवून ठेवणं हा प्रकारच नव्हता; सिग्नल आला की किरण तो थेट पडद्यावर रेखाटायचा. म्हणूनच ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ या २००१ सालच्या खेळाचे खेळाडू आजही स्पर्धांना ते अवजड सीआरटी टीव्ही वाहून नेतात.

कुणी म्हणेल, डोळ्याने पाहून बोट हलायलाच २०० मिलिसेकंद लागतात, तिथे १० चा काय हिशेब? हिशेब आहे. समोरच्यालाही तेवढेच २०० लागतात आणि लॅग त्यात भर घालतो. शिवाय नेम धरताना हात क्षणोक्षणी पडद्यावरून दुरुस्त होत असतो. तो पडदाच शिळा असेल तर दुरुस्तीही उशिराची.

पुण्यातला खेळाडू हरला की नेटला शिव्या घालतो. पण ‘व्हॅलोरंट’ या खेळाचे सर्व्हर मुंबईत आहेत, आणि काचतंतूतून प्रकाश तेवढं अंतर साधारण एका मिलिसेकंदात कापतो. वाटेतले राउटर त्यात थोडी भर घालतात. उलट काही टीव्हींवर गेम मोड बंद असला, तर एकट्या पडद्याचा उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो.

हा उशीर घरीही मोजता येतो. फोन २४० चित्रांच्या स्लो मोशनवर ठेवायचा, बोट आणि पडदा दोन्ही एका चौकटीत घ्यायचे, आणि बटण खाली गेल्यापासून पडदा बदलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. चार-पाच वेळा मोजून सरासरी काढली की पुरेसा अंदाज येतो.

तेव्हा श्रोत्यांतल्या तरुणांना आणि त्यांच्या पालकांना विनंती एवढीच, की नव्या मॉनिटरसाठी पैसे मोजण्याआधी आहे तोच तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विकत आणूनही विंडोजमध्ये तो ६० वरच राहिलेला असतो, असं पुष्कळदा घडतं. डिस्प्ले सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन तो आकडा बदला, केबल तेवढा वेग पेलते का ते पाहा आणि टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. याला एक रुपयाही लागत नाही.