वीकेंडला मुंबई: जावं की नाही?

पुणे ते मुंबई रेल्वेने 192 किलोमीटर. डेक्कन क्वीनसारखी गाडी धरली तरी जाऊन-येऊन सहा तासांच्या वर प्रवासच. मागच्या वेळी मी नऊ ठिकाणांची यादी केली होती. निम्मा वेळ लोकल आणि टॅक्सीत गेला, सोमवारी ऑफिसात नुसत्या डुलक्या. या वेळी यादीत एकच ओळ आहे: बाबांना समुद्र दाखवायचा. साठी उलटली, सगळा जन्म सोलापुरात. समुद्र अजून पाहिलेला नाही. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर निवांत बसायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. तुम्हीही स्वतःला एवढंच विचारा: तिथे असं काय आहे, जे इथे नाही? उत्तर एका वाक्यात आलं, तर तिकीट काढा. नाही आलं, तर घरी मस्त ताणून द्या!